भंडाऱ्याचा रंग

मंगळवार, दिवेलागण

उद्या सकाळी चावडीपुढं आमचा काटा लागणार. गावातल्या साऱ्या बायका काजूबी तिथंच घालणार, खऱ्या वजनानं आणि रास्त भावानं. दलालाला एक बीसुद्धा द्यायची नाही. हे सगळं मीच उभं केलं आणि आता मलाच धडकी भरलीय.

दुपारी बिरोबाच्या देवळात सगळ्यांनी भंडारा उचलला. मी नको म्हणत होते. शब्द मोडला तर माणूस माफ करेल, देव कुठला करतोय? पण शेजारच्या शांताक्का ओरडल्याच, "भंडारा उचलल्याबिगर कोण टिकत न्हाय की गं!" मग एकेकीनं मुठीत हळद घेऊन शपथ घेतली. माझा तळवा अजून पिवळा आहे. साबणानंही जात नाही.

येताना वाटेत दलाल भेटला. वाटलं, भांडेल. नुसता हसला. "लावा की काटा, वैनी. बिरोबा आमचा बी हाय."

असं का म्हणाला? ह्यांची पिकअप वर्षभर त्याचाच माल वाहते, म्हणून मलाच उगीच भ्या वाटतंय का?

आत्ता हे आले. दारात गाडी लावली आणि माझ्याकडं न बघता थेट न्हाणीत शिरले. कितीतरी वेळ हात घासत होते. "काय झालं ओ?" मी विचारलं.

"काय न्हाय. ग्रीस लागलंय."

हात पुसून टॉवेल दोरीवर टाकला आणि आत गेले. मी तो उचलून बघितला. पिवळा झालाय.

दुपारी देवळात आमच्यात गडीमाणूस एकही नव्हता.