एका कढईतला स्वयंपाक

गुडगाव,
रविवार, १७ नोव्हेंबर २००२

ती. सौ. आईंना राजीवचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? मिरजेत थंडी पडली का? ती. दादांचं ब्लडप्रेशर ताब्यात असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही गिरिजाला पाठवलेलं पत्र मी वाचलं. (तिनेच दिलं. मी बायकोची पत्रं फोडत नाही.) बाई आठ-आठ वाजता घरी यायला लागली की घराचं घरपण जातं, आणि स्वयंपाक काही पुरुषांच्या हातून व्हायचा नाही, असं तुम्ही म्हटलंय. पहिल्या मुद्द्याबद्दल मी काही बोलत नाही. दुसऱ्याचा मात्र मी गेला आठवडाभर साक्षीदार आहे. आरोपीही मीच.

दिवाळी संपली आणि गिरिजाच्या विमा कंपनीने तिला बढती देऊन नव्या एजंटांना शिकवायचं काम दिलं, हे तुम्हाला माहीत आहेच. तिचं ऑफिस दिल्लीत, आमचं घर गुडगावात, आणि मधला रस्ता ठिकठिकाणी खोदून ठेवलेला. (मोठा होणार आहे म्हणतात. आमच्या हयातीत, असंही म्हणतात.) त्यामुळे तिला घरी पोचायला सव्वाआठ होतात. माझा मोटारींच्या आरशांचा कारखाना घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून मी सहाला घरात. तेव्हा सोमवार ते शुक्रवार रात्रीचं जेवण माझ्याकडे, असं मीच छाती पुढे काढून जाहीर केलं. या धाडसामागे एका इंग्रजी पेपरची रविवारची पुरवणी होती. धावपळीच्या दिवशी एकाच भांड्यात, तीस मिनिटांत, अख्खं जेवण तयार, असं तीत छापलं होतं, आणि शेजारी एका हसऱ्या बाईचा फोटो. मी क्वालिटी विभागात आहे, आरशावरचा केसाएवढा ओरखडाही मला लांबून दिसतो. त्या बाईच्या हसण्यात मला काही खोट दिसली नाही. शिवाय आमच्या सोसायटीत पाणी टँकरने येतं, तेव्हा घासायला एकच कढई हा मुद्दा गिरिजालाही पटला.

सोमवारी मसालेभात. पुरवणीत म्हटल्याप्रमाणे सगळं एकदम कढईत घातलं आणि झाकण ठेवलं. तीस मिनिटांनी उघडलं तर तांदळाची खळ झाली होती आणि फरसबी मंडईतून आणल्यासारखी ताठ उभी होती. सुखदा ताटात बघून म्हणाली, "पापा, ये क्या है?" घरात मराठी बोलायचं या नियमाची मी तिला नेमकी तेव्हा आठवण करून दिली. मग ती म्हणाली, "बाबा, हे काय आहे?" मराठीत ते जास्त लागलं.

मंगळवारी चकोल्या. कणकेचे काप सुटे सुटे सोडायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं. मी सगळे एकदम सोडले. ते आत एकमेकांना भेटले आणि त्यांनी एकत्र राहायचं ठरवलं. शेवटी मी सुरीने तुकडे केले. गिरिजा दिवसभर बोलून दमून आली होती, तिने एक शब्द न बोलता खाल्लं. आई, तुमच्या मुलीचं हे मौन तुम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा ताट भिरकावलेलं परवडतं.

बुधवारचं लिहायला हात धजत नाही. साडेसहालाच वीज गेली. इन्व्हर्टर आहे, पण बिल्डरने त्याची वायर हॉलपर्यंतच आणलीय. स्वयंपाकघराला उजेडाची गरज असते हे त्याला बहुधा कोणी सांगितलं नाही. अंधारात पिठलं करायला काय लागतं, असं म्हणून मी मोहरी, हिंग, हिरव्या मिरच्यांची सणसणीत फोडणी केली, पाणी उकळलं आणि फळीवरच्या डब्यातलं पीठ कालवून ओतलं. ती कस्टर्ड पावडर होती. व्हॅनिलाची. (डबे सारखेच का असतात, हा प्रश्न मी गिरिजाला विचारणार होतो, पण तिचा चेहरा पाहून विचारला नाही.) त्याच वेळी शेजारच्या मिसेस खुराना वाटी परत द्यायला आल्या आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी चमचाभर चाखलंसुद्धा. "भाईसाहब, मीठा भी, तीखा भी! महाराष्ट्र का है?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? गुरुवारी त्यांनी किटी पार्टीत ही बातमी सांगितली. आता सी ब्लॉकमधल्या अकरा बायका समजतात की मराठी माणसं रोज हेच खातात. पानिपतानंतर या भागात आपली एवढी नाचक्की झाली नसेल.

गुरुवारी पुलाव चढवला आणि कारखान्यातून फोन आला. एका ट्रकभर आरशांचे उजवे-डावे उलटे लागले होते. मी फोनवर ओरडत असताना मागे पुलावाचा कोळसा झाला आणि धूर बाल्कनीतून बाहेर गेला. खालून दोन गार्ड वाळूच्या बादल्या घेऊन चौथ्या मजल्यावर धावत आले. "साहब, आग कहाँ है?" मी म्हणालो, "आग नहीं है, खाना है." नेमकी तेव्हाच गिरिजा गेटात शिरत होती. धूर आमच्याच घरातून येतोय, जिन्यात गर्दी आहे. लिफ्टची वाट न बघता ती चार मजले धावत आली, सुखदाला छातीशी धरलं, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि पायातल्या चपलांसकट जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. मग म्हणाली, "राजीव, बस झालं. आई म्हणते ते बरोबर आहे. महिनाअखेरीला राजीनामा देते."

शुक्रवारी आम्ही ब्रेड आणि केळी खाल्ली.  

तेव्हा आई, तुमचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. माझी हार मी तुम्हाला लेखी पाठवतोय. दादांना नमस्कार सांगा.

तुमचा जावई (नाइलाजाने आचारी),
राजीव

ता. क. काल शनिवारी गिरिजाचा जादा वर्ग होता, तिला आणायला मी आणि सुखदा तिच्या ऑफिसात गेलो. काचेच्या दारातून ती दिसली. समोर चाळीस माणसं, त्यात तिच्या दुप्पट वयाचे दोन सरदारजी, आणि ती हिंदीत काहीतरी सांगतेय आणि सगळे हसतायत. दिल्लीत आल्यावर दोन वर्षं भाजीवाल्याशी बोलायला लाजणारी गिरिजा, आई. 'मेरी भाव' म्हणून एकदा चुकली तर आठवडाभर बाजारात गेली नव्हती. आठ वर्षांत मी तिला इतकं मोठ्याने आणि इतकं खुशीत बोलताना पाहिलं नव्हतं. सुखदा काचेला नाक लावून म्हणाली, "आपली आई टीचर आहे?" मी तिला कडेवर घेतलं आणि खिशातला रुमाल काढला. (धुरामुळे असेल.)

ता. क. २. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकते. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते स्पीडपोस्टने. कृपा करून तिला लिहा की नोकरी सोडू नकोस, राजीवरावांचा हात आता चांगला बसलाय असं ऐकलं. हे खोटं आहे, आणि तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. पण मी गिरिजाला पाहायला आलो होतो तेव्हा पोहे तिने केलेत असं तुम्ही सांगितलं होतं. ते तुम्ही केले होते, हे लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. बस, तेवढ्याच आकाराचं एक खोटं आणखी.

ता. क. ३. त्या पोह्यांची कृतीही कळवा. ते एकाच कढईत होतात ना?