सुनेचा पिझ्झा, माझा पहारा

१९ जुलै, शनिवार

काय रे, विसरलास ना? परवा एवढा घसा कोरडा करून बोलले, अन आज कोरं तोंड घेऊन समोर बसलास! तुझ्यापेक्षा आमची हसनाबादची म्हैस बरी. आवाज तरी ओळखायची.

गंधालीला विचारलं. ती म्हणे, "मावशी, तुम्ही जपून ठेवायचं बटन दाबलंच न्हाई." म्हंजे विसरभोळा तू, अन नाव माझं!

पुन्हा सांगते. मी साळूबाई. लिहिता येत न्हाई, वाचता येत न्हाई. गंधाली ही माझ्या सुनेची मैत्रीण. तिनंच दाखवलं — हे माईकचं चित्र दाबा अन बोला, फोन लिहितो, तारीखबी तोच टाकतो. म्हणलं, बरं झालं. सगळं ऐकून घेतो अन उलटून बोलत न्हाई, असा ह्या घरात कोणी नव्हताच.

आता मुद्द्याचं. माझ्या कल्याणच्या दोन्ही किडन्या बसल्यात. हफ्त्यातून दोनदा रक्त धुवायच्या मशीनवर जातो. त्याला किडनी द्यायला मी पहिली उभी राह्यले. मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरनं मला वरून खालपर्यंत पाह्यलं. "आजी, वजन जास्त, बीपी जास्त. सूनबाई तरुण आहेत, रक्तगटबी चालतो. त्यांची घेऊ." मंग तृप्तीकडं वळला — "पण तुम्हालाही दहा-बारा किलो उतरवावे लागतील. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

माझ्या लेकाचा जीव सुनेच्या वजनकाट्यावर टांगला!

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. तृप्ती बाजूला बसली. म्हणे, "आत्या, कमालच आहे. मी किडनी देते म्हणले, तर हे वरून दहा किलो चरबीबी मागून राह्यले!"

अन हसली. रडायच्या जागी हसणारी सून मिळाली मला.

२२ जुलै, मंगळवार

तृप्ती सकाळी मोतीबागेत चालायला जाते. नंतर सैपाक, कल्याणच्या गोळ्या, मंग बियाण्याच्या कंपनीत दिवसभर काम. मी सोबत निघते. एकटी बाई अंधारात जाईल कशी? ती पुढं, मी मागं. ती तळ्याला वळसा घालून येते अन मला वाटेतच गाठते. "आत्या, अजून इथंच?" म्हणलं, मी मागून तुझ्यावर लक्ष ठेवून राह्यले.

दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईनं तिला काय खायचं त्याचा कागद दिला. तेल चमच्यानं मोजायचं, भात वाटीनं. एका घरात दोन सैपाक कोण करील? मीबी तेच खाते. बेचव आहे. पण तिच्यासमोर बोलायचं न्हाई. तुझ्याजवळ बोलते.

२८ जुलै, सोमवार

श्रावण लागला. मी म्हणलं, पोरी, ह्या कागदानं काय व्हायचं? आपल्याकडं वजन उतरवायचा जुना उपाय आहे. सोमवार धर, शनिवार धर, एकादशी धर, चतुर्थी धर. उपाशी राह्यलं की माणूस वाळतोच!

तिला पटलं. मी लई खूश.

११ ऑगस्ट, सोमवार

वजन वाढलं!

आहारवाल्या बाईनं काटा दोनदा तपासला. विचारलं, काय काय खाल्लं? तृप्ती खरं सांगणारी. साबुदाण्याची खिचडी. भगर अन दाण्याची आमटी. बटाट्याचा कीस. दाण्याचा लाडू. केळी. उपास सुटताना गोड शिरा.

बाईनं डोक्याला हात लावला. "ताई, हा उपवास आहे का लग्न आहे?"

मी म्हणलं, बाई, एवढी वर्षं करून राह्यले, देवानं कधी तक्रार केली न्हाई.

"देव वजन करत नाही, आजी. मी करते."

हा उपाय कोणाचा, हे तृप्तीनं सांगितलंच न्हाई. म्हणे, "माझंच मन झालं." डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडं पाह्यलं अन ओठ दाबून हसली. रिक्षात बसल्यावर मंग दोघीबी हसलो. कल्याणला सांगितलं तेव्हा तो हसता हसता खोकायला लागला. लई दिवसांनी हसला पोरगा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. सगळ्यांच्या पुरणपोळ्या तिनं लाटल्या अन स्वतः भाकरी खाल्ली. मीबी भाकरीच. पोळीकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. बरं, एकदा पाह्यलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

डोकं गरम आहे. गपचूप लिही.

माझी धाकटी जाऊ गिरिजाबाई आल्ती, कल्याणला भेटायला. चहा अर्धाच पिला अन सुरू — "सूनबाई कुठं गेल्या?" म्हणलं, कामावर. "असं का? मी आत्ताच रिक्षातून पाह्यलं. त्या पिझ्झाच्या दुकानात बसल्यात, मैत्रिणींसंगं. काचेतून समदं दिसतंय. खिदळून राह्यल्या! इकडं नवरा मशीनवर, अन ही पिझ्झा हाणून राह्यली. ही काय किडनी देते, वैनी!"

मी म्हणलं, गिरिजा, तू तुझा चहा पी.

तिच्यासमोर तेवढंच बोलले. पण मनात म्हणलं, एक-एक किलो उतरवायला हफ्ता लागतो, अन ही तिथं बसून वर चढवते? माझ्या लेकाच्या जिवावर?

१४ सप्टेंबर, रविवार

विचारलं. ताणून धरायला मला जमत न्हाई.

तिनं लपवलं न्हाई. "हो आत्या. महिन्यातून एक शनिवार. आहारवाल्या बाईला विचारूनच. दोन तुकडे." मंग म्हणे, "पुढच्या बारीला तुम्हीच चला. पहारा करा."

पहारा करा! मला म्हणते! जाणारच.

११ ऑक्टोबर, शनिवार

गेल्ते.

बस नीट, लांब आहे.

दुकान थंडगार. खुर्च्या अशा की बसलं की सरकायला होतं. गंधाली होती अन सुहासिनी होती. सुहासिनी त्यांच्याच कंपनीत हिशेबाला आहे, लई शांत बाई. तिघींची मैत्री बारा-पंधरा वर्षांची, एका डब्यातून जेवणाऱ्या. मी पदर सावरून मधी बसले, पोलीस बसतो तशी.

पिझ्झा आला. मी पाह्यला. जाड भाकरीवर टमाट्याची चटणी, वर चीज, ढोबळी मिरची अन मक्याचे दाणे. म्हणलं, एवढ्यासाठी एवढा खर्चा? एक तुकडा उचलला तर चीज तुटेचना! हात वर केला, आणखी वर केला. गंधाली म्हणे, "मावशी, आता उभ्या राहा!" सगळं दुकान पाहून राह्यलं. शेवटी सुहासिनीनं काट्यानं तोडलं.

चव? तुला सांगते, दुसऱ्या कोणाला न्हाई. लई भारी होता.

पण मी गेल्ते पहाऱ्याला. मंग मी तृप्तीकडं पाह्यलं. तिनं आधी ताटभर काकडी-गाजर खाल्लं. मंग एक तुकडा घेतला. एवढा हळू खाल्ला की माझे दोन झाले. एक-एक घास घोळवून, डोळे मिटून. मंग दुसरा तुकडा. मंग हात पुसले अन हात मांडीवर ठेवले. समोर तीन तुकडे तसेच पडलेले, गरम.

अन त्या दोघी! माझ्या अख्ख्या जन्मात मी अशा बाया पाह्यल्या न्हाईत. आपल्याकडं ताटात वाढलं न्हाई तर प्रेम कसलं? "घे गं, एकानं काय होतंय, माझ्या गळ्याची शपथ" — मी स्वतः किती जणींना असं कोंबलंय. ह्या दोघींनी एकदासुद्धा "अजून घे" म्हणलं न्हाई. गंधालीनं हळूच उरलेले तुकडे स्वतःकडं ओढले अन सुहासिनीनं बोलता बोलता तृप्तीसमोर पाण्याचा ग्लास सरकवला. जसं काही झालंच न्हाई. कंपनीतल्या कोण्या साहेबाची नक्कल सुरू होती, तृप्ती हसून हसून पोट धरून राह्यली.

मी गंधालीला हळूच विचारलं, तुला वाईट न्हाई वाटत, तिच्यापुढं ताव मारायला?

ती म्हणे, "मावशी, आम्ही पयल्यांदा पिझ्झा बंद केल्ता. तिच्यासाठी. तर ही आमच्यावरच भडकली. म्हणे, तुम्हीबी मला पेशंट करून टाका! एक तरी टेबल असं ठेवा जिथं कोणी मला किडनी म्हणून पाहत न्हाई."

हे ऐकलं अन मी तृप्तीवरची नजर काढून माझ्या ताटात पाह्यलं. मी काय म्हणून पाहून राह्यले होते तिला, हे तुला सांगायची गरज न्हाई.

११ ऑक्टोबर, अजून शनिवारच

एक राहिलं.

घरी आलो. वाटलं, ही आता गुपचूप सैपाकाला लागंल. तर ती कल्याणच्या खाटेवर जाऊन बसली. त्याला चीज बंद, टमाटा बंद, पाणीसुद्धा मोजून. तो म्हणे, "हं, सांग."

अन तिनं सांगितला! पूर्ण पिझ्झा. काठ कसा कुरकुरीत होता, मक्याचा दाणा दाताखाली कसा फुटला, आत्यांच्या चीजची तार कशी छतापर्यंत गेली. हा डोळे मिटून ऐकून राह्यला. मधीच विचारतो, "चटणी तिखट होती?" ती म्हणे, "बेताची." तो म्हणे, "मंग त्यांनी मिरची कमी टाकली."

दर महिन्याला तोच तिला पाठवतो. "तू खाऊन ये अन मला सांग." मला आज कळलं. एका घरात राहून!

माझ्या सासरच्या-माहेरच्या सगळ्या बाया मी पाह्यल्या. नवऱ्यासाठी उपाशी राहणाऱ्या लई होत्या. नवऱ्यासाठी चवीनं खाऊन येणारी ही एकच.

१२ ऑक्टोबर, रविवार

गिरिजाबाईला फोन लावला. म्हणलं, काल मीबी खाल्ला पिझ्झा, तीन तुकडे. आता सगळ्या गावाला सांग.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उतरलं! डॉक्टरनं मागितलेलं सगळं वजन उतरलं!

दिवाळीचा फराळ डोळ्यांनी खाल्ला पोरीनं, हातानं न्हाई. आज काट्यावरून उतरली अन आहारवाल्या बाईच्या गळ्यातच पडली. बाईनं मलाबी काट्यावर चढवलं. म्हणलं, माझं काय काम? आकडा पाहून म्हणे, "आजी, तुम्ही कधी उतरलात?" मला वाटलं होतं शिंप्यानं ब्लाऊज ढगळ शिवले.

आता शेवटच्या तपासण्या, अन मंग तारीख. सुहासिनीनं पिझ्झा ठरवून ठेवलाय, ऑपरेशन झालं की.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जुळलं न्हाई.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कालचं अर्धंच राहिलं. आज सांगते.

ऑपरेशनच्या आधी दोघांचं रक्त पुन्हा एकत्र घालून पाहतात. कल्याणला मधी दोनदा रक्त चढवलं होतं. तेव्हापासून त्याच्या रक्तात काहीतरी तयार झालं म्हणे, ते आता तृप्तीची किडनी टिकू देणार न्हाई. पयले जुळत होतं, आता न्हाई. डॉक्टरनं लई समजावून सांगितलं. कोणाची चूक न्हाई. ऐकताना मला वाटलं, चूक असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

तृप्तीनं कागद पिशवीत घातले. घरी आली, साडी बदलली, कल्याणच्या गोळ्या दिल्या. मंग सैपाकघरात ओट्याला धरून उभी राह्यली. मी पाठीवर हात ठेवला. म्हणे, "आत्या, मी सगळं केलं होतं हो."

मी तिला पोटाशी धरलं. 

१६ नोव्हेंबर, रविवार

मला वाटलं आज उठायची न्हाई. कशाला उठंल?

अंधारातच खोलीत आली. माझ्या चपला हातात. "चला आत्या."

म्हणलं, आता कशाला, पोरी?

"चला तर खरं. अन आज तुम्ही पुढं चाला. मी मागून येते."

मी चालले पुढं. तिचं मनच राखायचं होतं. सगळ्या वाटेनं मागून ओरडत होती — "जल्दी, आत्या! हात हलवा!" माझी पोलीस झाली अवदसा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मोठ्या दवाखान्यातून बोलून राह्यले. अंगात हिरवा झगा आहे. उद्या सकाळी माझं अन कल्याणचं ऑपरेशन.

त्या रविवारी चालून आल्यावर मला घरी सोडून तृप्ती एकटीच डॉक्टरकडं गेल्ती. म्हणली, "माझ्या सासूबाईंना पुन्हा तपासा. चार महिने माझ्याबराबर चालल्यात, माझ्याबराबर जेवल्यात." तपासलं. बीपी गोळीनं ताब्यात. वजन बराबर. रक्त जुळलं. परवानगीच्या कागदावर अंगठा घेताना दवाखान्यातल्या साहेबांनी विचारलं, "आजी, कोणी जबरदस्ती तर नाही केली?" म्हणलं, केली ना. सुनेनं. पळवून पळवून लायक केलं मला.

हे आता जपून ठेवू नको, गंधालीच्या फोनवर धाड — गंधाले, ही बाहेर बाकावर बसली आहे अन काल दुपारपासून पोटात काही न्हाई. पिझ्झा नको, येईपर्यंत गार होईल. ज्वारीच्या दोन भाकरी, मेथीची परतलेली भाजी अन गाडग्यातलं दही धाड. अन ह्या बारीला तेल मोजू नको.