भोंग्यावरचा निबंध

पोसो दा उंबुराना,
१४ सप्टेंबर

प्रिय झुलेदीताई,

आधी आशीर्वाद दे, बाकीचं मागाहून.

इकडे सगळे बरे. ऊन मरणाचं आहे, पण टाकीत अजून पाणी आहे. तुझ्या भावजयीचा, निउझाचा, गुडघा दुखतो, जीभ मात्र ठणठणीत. हे पत्र तुमच्या रेसिफीला जाणाऱ्या गाडीवाल्याबरोबर देतोय, सोबत भाजून खायचं चीज आहे. तो वाटेत तुकडा मोडतो, तेव्हा बघून घे. फोन असताना आदाउतोनं कागद का काळा केला, असं तुला वाटेल. फोनचा माइक बिघडलाय. करून घेईन दुरुस्त.

तू आमच्या रायानीसाठी मागची खोली रंगवून घेतलीस हे कळलं. रंग कुठला दिलास? तिकडे समुद्राच्या हवेनं भिंतींना ओल येते म्हणतात. मार्चमध्ये ती कॉलेजला येणार का, हे तू आता तिसऱ्यांदा विचारलंस. आधी नोव्हेंबरातली प्रवेश परीक्षा तर होऊ दे.

शाळेचं हे शेवटचं वर्ष, आणि सगळा जीव टांगलाय तो निबंधावर. तीस ओळींचा निबंध. त्यात नुसतं रडगाणं चालत नाही, शेवटी उपाय सांगावा लागतो: कुणी करायचा, काय करायचा, कसा करायचा. मी काही हातावर हात ठेवून बसलो नाही. मी चौथीतून उठून बाजारात दोरखंड विकले, मग सायकलला कर्णा बांधला, आणि आज माझ्या गाडीवर चार भोंगे आहेत; भाजीही विकतो, गावाची दवंडीही देतो. कांदा स्वस्त झाला काय, कुणी वारलं काय, गावाला आधी माझ्या गाडीकडून कळतं. अशा माणसाला पोरीचा निबंध जमवता येणार नाही?

इंटरनेटवर एक पोरगा निबंधाचा सांगाडा विकतो. सुरुवातीला एका जर्मन तत्त्वज्ञाचं वाक्य, मग 'या पार्श्वभूमीवर', मग मोकळी जागा. विषय कुठलाही येवो, तिथे भरायचा. शेवटी 'सरकारने माध्यमांच्या साहाय्याने जनजागृती करावी', आणि टिंब. मी तो रेकॉर्ड करून घेतला, पेनड्राइव्हवर भरला आणि गाडीत लावतो. शाळा सुटल्यावर रायानी माझ्याबरोबर फिरते, तेवढीच सोबत. आम्ही दोघं, धुळीचा रस्ता आणि तो जर्मन. आता मलाही पाठ झालाय. सराव परीक्षेत त्या पोरानं तिला हजारपैकी नऊशेच्या वर मार्क दिले.

फक्त शाळेत नव्या जेनिल्दाबाई आल्यात, त्यांना सांगाडा खपत नाही. शनिवारी दुपारी या शेवटच्या वर्गाला फुकट बसवून तीस-तीस पानांचे लेख वाचायला लावतात. समासात लिहायचं: हा काय म्हणतो, मला पटतं का, का पटत नाही. हे परीक्षेत येणार आहे का? एकदा जाऊन बोलतोच त्यांच्याशी.

निउझाचा नमस्कार. खोलीचं मागाहून कळवतो.

तुझा भाऊ,
आदाउतो


२० ऑक्टोबर

प्रिय ताई,

आशीर्वाद. चीज मोडकंच पोचलं हे वाचून गाडीवाल्याला छेडलं. म्हणतो, खड्ड्यानं मोडलं. खड्ड्याला दात असतात हे मला माहीत नव्हतं.

जेनिल्दाबाईंशी बोलायला जाणार होतो, तर त्यांनीच मला बोलावलं. म्हणाल्या, "आदाउतो, शनिवारी तुमची गाडी पटांगणात आणता का? पोरांनी आपापला निबंध माइकवर वाचावा म्हणते. स्वतःचं लिहिलेलं स्वतःच्या कानांनी ऐकू दे." मला काय, गावात नाव होतंय. गेलो, चारही भोंगे लावले.

पहिला वालासी उठला. त्याचा विषय पाणीटंचाई. सुरुवात? आमचा जर्मन. मी मनात म्हटलं, हा कुठून आला इथे? दुसरी एमेली, विषय बालविवाह. परत जर्मन. तिसऱ्याचा विषय मोबाइलचं व्यसन, तोच जर्मन, तीच पार्श्वभूमी, तीच जनजागृती. म्हणजे त्या पोरानं सांगाडा मला एकट्यालाच विकला नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडलं, "ए आदाउतो, पेनड्राइव्ह अडकला की रे तुझा!" भिंतीपलीकडे बसची वाट बघणारी माणसं हसायला लागली. वालासी स्वतःच खो-खो हसत होता. मग रायानीचा नंबर आला. तिने माइक घेतला, कागदाकडे बघितलं आणि माइक खाली ठेवला. म्हणाली, "बाई, माझाही तोच आहे." आणि जाऊन बसली.

मला राग आला. पोरं गेल्यावर बाईंना म्हटलं, "बाई, महिनाही राहिला नाही. चालत्या गाडीचं चाक काढताय तुम्ही."

"गाडी चालतेय कुठे? ढकलताय तुम्ही तिला."

"नऊशे मिळालेत."

"देणार नाही तर काय? सांगाडाही त्याचाच आणि मार्कही त्याचेच." तेवढं बोलून त्या खुर्ची ओढून बसल्या. "हे बघा, माझंच सांगते. मीही पाठ करून कॉलेजात गेले. पहिल्याच आठवड्यात सरांनी पुस्तक दिलं. म्हणाले, वाचून या, आणि हा माणूस कुठे चुकतो ते लिहून आणा. मी दोनदा वाचलं. मला सगळं कळलं, पण माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं. पुस्तकातला माणूस चुकू शकतो, हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षाच्या आत गाशा गुंडाळून घरी आले. परत जायला सहा वर्षं लागली, आदाउतो. तुमच्या रायानीला पोचवायचं आहे, की तिथे टिकवायचं आहे?"

मी भोंग्यांच्या वायरी गुंडाळून निघालो. तुला नवल वाटेल, पण हल्ली मी कमीच बोलतो.

कारण आता सांगतो. फोनचा माइक चांगला आहे. बिघडलाय तो माझा घसा. जूनपासून आवाज फाटतो, दुपारनंतर तर नुसती हवा येते. तुझ्यासारख्या नर्सला निरोप बोलून पाठवला असता तर पहिल्याच शब्दाला तू पकडलं असतंस, म्हणून हे कागद. धूळ आहे, दुसरं काही नाही. तर जूनपासून गाडीवरची सगळी पुकार रायानी करते. सोबत म्हणून नाही फिरत ती. आणि काय करते म्हणून सांगू! मी 'टोमॅटो ताजे, टोमॅटो स्वस्त' करायचो. ही म्हणते, "किटेरियाबाई, रविवारी नातू येणार आहे ना? सॉस कशाचा करणार?" म्हातारी हसत दारात येते आणि किलोभर घेऊन जाते.

बाईंनी हे ऐकलंय. तिला म्हणाल्या, "गाडीत तुला इतकं बोलायला असतं, मग कागदावर तो जर्मन कशाला लागतो? गाडीतून जे दिसतं त्यावर लिही." तेव्हापासून रोज संध्याकाळी ती लिहिते आणि फाडते. जेवणाच्या टेबलावर मक्याच्या कुसकुसाच्या ताटाशेजारी तीस पानांचा लेख. निउझा म्हणते, "अगं, खा आधी, तो माणूस कुठे पळून जात नाही." पोरगी म्हणते, "आई, हा माणूस एका पानावर एक बोलतो आणि पुढच्या पानावर दुसरं. मी त्याला पकडलंय." आणि इतकी खूश, जणू चोर पकडला.

पण गेल्या मंगळवारी गाडीत ती म्हणाली, "बाबा, मी यंदा नाही बसत परीक्षेला. पुढच्या वर्षी बघू. तुझा घसा बरा होऊ दे." पुढे बघून म्हणाली, माझ्याकडे नाही.

मी काय म्हणालो? काहीच नाही. गप्प बसायला घसा हे बरं निमित्त होतं. ताई, तुला म्हणून सांगतो, मला बरं वाटलं. त्या रात्री छान झोप लागली.

परीक्षेला दोन आठवडेच उरलेत. तिला काय उत्तर द्यावं हे अजून ठरलं नाही.

तुझा,
आदाउतो


३० जानेवारी

प्रिय ताई,

तुझी दोन पत्रं आणि एक शिवीगाळीचा फोन, सगळं पोचलं. फोन निउझानं घेतला म्हणून बरं. माझ्यावतीनं शिव्या तिने खाल्ल्या आणि वर स्वतःच्या चार घालून मला दिल्या. इतके दिवस लिहिलं नाही, कारण अर्धं सांगायचं नव्हतं.

मागच्या पत्रानंतर दोन दिवसांचीच गोष्ट. संध्याकाळी रायानी टेबलाशी कागद घेऊन आली. म्हणाली, "बाईंनी सांगितलंय, ज्याला हे आवडणार नाही अशा माणसाला वाचून दाखव." निउझा म्हणाली, "मग बापालाच दाखव, त्याला सध्या काहीच आवडत नाही."

तिने वाचलं. दवाखान्याच्या दारावर लसीची सूचना लावलेली असते, आणि आमची गाडी दिसली की म्हातारी माणसं धावत येतात, कारण ती सूचना त्यांना वाचता येत नाही. किटेरियाबाई कशी म्हणते, "पोरी, दारावर काय लिहिलंय ते तुझ्या भोंग्यातून सांग." मी मान डोलावत होतो. छान चाललं होतं, आपल्याच धंद्याचं कौतुक. मला वाटलं, आता उपाय येणार: प्रत्येक गावात भोंग्याची गाडी हवी, खर्च नगरपालिकेचा. मी मनात पाचवा भोंगाही बसवला.

तर तिचा आवाज हलका झाला आणि तिने वाचलं, की भोंगा हा उपाय नाही. भोंगा आहे म्हणून कुणाला घाई नाही. जोवर दुसरा कुणी वाचून सांगतो, तोवर किटेरियाबाई दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहणार, आणि वाचणारा जे गाळेल ते तिला कधीच कळणार नाही. म्हणून नगरपालिकेनं संध्याकाळी मोठ्या माणसांचे वर्ग चालवावेत, शाळेच्याच इमारतीत, शाळेच्याच शेवटच्या वर्गातल्या मुलांना हाताशी धरून. आणि शेवटी: ज्या दिवशी आमच्या गाडीची गरज उरणार नाही, त्या दिवशी हे गाव शिकलं म्हणायचं.

वाचून झालं. तिने वर बघितलंच नाही. निउझा हातातला चमचा तसाच धरून बसली होती.

ताई, मी आयुष्यभर कानांवर जगलो. कोण खरं बोलतो आणि कोण माल खपवतो, हे मला पहिल्या चार शब्दांत कळतं. ही माझी पोरगी माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच अन्नाच्या ताटाशेजारी, माझा धंदा बंद पाडत होती. आणि एक शब्द खोटा नव्हता. मी खोड काढायला जागा शोधत होतो, ती मला सापडली नाही.

मी फाटक्या आवाजात विचारलं, "हे तू त्या तीस पानांतून उचललंस?"

"नाही. त्याचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, मोठ्या माणसांना शिकायची इच्छा नसते. मला ते पटत नाही. मी किटेरियाबाईला विचारलं. ती म्हणाली, मला बोलावलंच नाही कधी कुणी."

मग मी तिला सगळं सांगितलं. धूळ नाही, स्वरतंतूवर गाठ आहे. जुलैमध्येच डॉक्टरनं नळी घालून बघितली होती. घातक नाही, तुकडा तपासून झालाय, तू घाबरू नकोस. पण रेसिफीला येऊन काढावी लागेल, आणि नंतर कितीतरी दिवस तोंड बंद. मी ते दडपलं होतं, कारण तिला कळलं तर ती जाणार नाही. निदान मी स्वतःला असंच सांगत होतो. खरं म्हणजे तिला कळलं असतं तर ती विचारणार, 'मग मी जाऊ की राहू?' आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

तिने तेच विचारलं. मी म्हटलं, "परीक्षेला बस. आणि निबंधात तो जर्मन दिसला तर घरात घेणार नाही."

"आणि गाडी?"

निउझा म्हणाली, "गाडीला काय झालंय? मला तोंड नाही का?"

ताई, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! वीस वर्षं मी गावभर बोलतोय आणि घरात ही माझ्यावर बोलतेय, आणि दोन्हीची सांगड घालायचं कुणाला सुचलं नाही. आता ती माइकवर असते. "काय गं, पडद्याआडून काय बघतेस? ये बाहेर, काल उसनं नेलेलं भांडंही घेऊन ये!" घाबरून लोक खरेदी करतात. मी गाडी चालवतो.

परीक्षा झाली. निकाल गेल्या आठवड्यात लागला. सांगाड्यानं कबूल केलेले नऊशे काही पडले नाहीत, त्याहून बरेच कमी. पहिल्या यादीत नाव नव्हतं. ते दोन-तीन दिवस मी मनात बाईंना आणि स्वतःला आलटून पालटून दोष दिला. दुसऱ्या यादीत नाव आलं. सरकारी विद्यापीठ, शिक्षणशास्त्र, संध्याकाळचे वर्ग. जेनिल्दाबाई रस्त्यातच रडल्या. वालासीचंही झालंय, दुसऱ्या गावी.

रायानी मार्चच्या आधी येते आहे. तिच्याबरोबर मीही येईन, गाठ काढायला. पण ऑपरेशन झालं की मी परत येईन आणि ती तिथेच राहील, हे मी तिला आणि स्वतःला समजावून सांगितलंय. तिला भांडी घासायला सांग, बाजारात पाठव, फक्त वाचत बसली असेल तेव्हा हाक मारू नकोस. आणि माझं एखादं म्हणणं तिने खोडून काढलं, तर मला नक्की कळव. ती तिथे टिकते आहे, हे मला त्यावरूनच समजेल.

रायानीचा बाप,
आदाउतो