पुढचे दोन, मागचे दोन आणि एक वाकडा दांडा

तीर्थस्वरूप मामा यांस,

भाचीचा वाकून नमस्कार. मामींनाही तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, कारण हे पत्र आधी त्याच उघडणार आणि भिंग शोधून तुमच्या हातात देणार. तुमची तब्येत, तुमचे कान, तुमचा गुडघा आणि तुमच्या लेकाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या, इमारतीतल्या लिफ्टशी चाललेलं तुमचं भांडण, सगळं कसं काय आहे ते जरा सविस्तर कळवा. (मागच्या पत्रात तुम्ही "बरा आहे. पार्ट विक. मोकळी हो." एवढंच लिहिलंत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाने वेळ वाचवावा हे समजू शकते, पण शाईसुद्धा?) आई ठणठणीत आहे, म्हणजे माझ्यावर दिवसातून दोनदा ओरडायची ताकद तिच्यात आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि दादा माझं बोलणं तुमच्या कानात ओरडून सांगतो तेव्हा त्यातलं निम्मं स्वतःच्या पदरचं घालतो, म्हणून लिहायला बसले.

तर पार्टांबद्दल. गाडी विकायच्या आधी तुम्ही तिचे ते कडक शॉकअप काढून माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवलेत, त्याला अकरा महिने झाले. स्प्रिंगांसकट पुढचे दोन, मागचे दोन, आणि वळणावर गाडी कलू नये म्हणून खालून आडवा बसवतात तो वाकडा दांडा. आता ही मागची खोली म्हणजे माझ्या पेशंटांची व्यायामाची खोली. तिथे चार निळ्या-पिवळ्या स्प्रिंगा भिंतीला टेकून उभ्या राहिल्यावर लोकांना काय वाटणार? एक आजोबा, मी फोन घ्यायला बाहेर गेले तेवढ्यात, त्यातली एक उचलून वर-खाली करत बसले. दहा-दहाचे तीन फेरे. त्यांचा खांदा आता दुखत नाही, आणि मी सांगितलेले व्यायाम सोडून ते "ती स्प्रिंग द्या" म्हणतात. (पाच वर्षं फिजिओथेरपी शिकून मी हे ऐकतेय.)

तुमची आज्ञा म्हणून मी जाहिरात दिली. फोटो चांगला यावा म्हणून सगळे पार्ट तपासणीच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडले. आईने फोटो पाहिला आणि म्हणाली, "अगं, ही जाहिरात आहे की पंचनामा?" तरी फोन आले. पहिले आले ते एक केटरर. त्यांच्या जेवणाच्या गाडीतली पातेली खड्ड्यात हिंदकळून सांडतात, तेव्हा चांगले भारीतले शॉकअप घालावेत असा त्यांचा विचार. मी त्यांना पाऊण तास समजावलं की हे शॉकअप गाडी रस्त्याला चिकटून राहावी म्हणून असतात, पातेली सुखात राहावीत म्हणून नाही. हे घातले तर आमटी छताला लागेल. ते गृहस्थ म्हणाले, "ताई, विकणारं माणूस इतकं खरं बोलत नाही हो." आणि चहा पिऊन गेले.

दुसरे होते कलाशाळेतले प्राध्यापक. ते दाराशीच थबकले, डोळे बारीक केले, एक शॉकअप उभा धरला, आडवा धरला, आणि मला विचारलं, "यांची जोडी आहे ना?" मी म्हटलं, आहे, पुढची डावी-उजवी. ते म्हणाले, "उत्तम. बगळा करतोय. पाय मिळत नव्हते." मामा, तुम्ही जे दोन शॉकअप बसवताना रविवारभर गाडीखाली झोपला होतात, वर येऊन मामींच्या पांढऱ्या टॉवेलला हात पुसलेत आणि त्या टॉवेलवरून आठवडाभर उपाशी राहायची वेळ आणलीत, ते बगळ्याचे पाय! प्राध्यापकांना मग अचानक काहीतरी काम आठवलं आणि ते निघून गेले.

तिसरं गिऱ्हाईक अगदी खरं होतं. गाडी तुमच्यासारखीच, तेच मॉडेल, माणूसही जाणकार. दांडा हातात घेऊन नीट पाहिला, शॉकअपमधून तेल गळतंय का म्हणून बोट फिरवलं, आता व्यवहार होणार, तेवढ्यात त्याच्या मागून त्याची आई आत आली. ती माझी पेशंट निघाली! मणक्याची गादी सरकलेली, मंगळवार-शुक्रवार येणारी. तिने सरळ मला विचारलं, "बाई, मला दर वेळी याच्याच गाडीतून तुमच्याकडे यावं लागतं. हे घातलं तर माझ्या पाठीला बरं का?" मी त्या मुलाकडे पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. दोघांनी मिळून तो दांडा परत भिंतीला टेकवला.

तुम्ही म्हणाल, एवढं रडगाणं कशाला. पण दर बुधवारी दवाखाना बंद असतो तेव्हा मी हे पार्ट पुसते. गंज चढू नये म्हणून, दुसरं काही नाही. प्रत्येक शॉकअपवर तुम्ही पांढऱ्या खडूने लिहून ठेवलंय : "पु. डा.", "पु. उ.", "मा. डा.", "मा. उ." घड्याळाच्या झाकणाच्या आत लिहावं तसं, मुंगीएवढं अक्षर. बाकी सगळं पुसते, ते सोडून. त्या दिवशी चौकात मागून ॲम्ब्युलन्स आली, ती तुम्हाला शेवटपर्यंत ऐकू आली नाही, आणि घरी येऊन तुम्ही किल्ली टेबलावर ठेवलीत, ती कायमची. मी आता जी गाडी चालवते ती गाडी नव्हेच, पलंग आहे. बसलं की झोप येते, आणि कुठे नेते त्याचा पत्ता लागत नाही.

असो. आता मुख्य बातमी. गेल्या गुरुवारी चौथं गिऱ्हाईक आलं. साडी, बूट, हातात वही. तुमची गाडी ज्यांनी घेतली त्या मुख्याध्यापिकाबाई! (निवृत्त झाल्या, पण हे त्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. मला बघून आधी "सरळ उभी राहा" म्हणाल्या. पाठीच्या डॉक्टरला!) गाडी घेताना त्यांनीच मऊ स्प्रिंगा बसवून मागितल्या होत्या, वय झालं म्हणून. आता खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी पहिल्या दिवशी चालवून पाहिली तेव्हा ही गाडी रस्ता वाचून दाखवायची. एकेक अक्षर. आता नुसती हं हं करते. ते जुने शॉकअप अजून आहेत का?"

मी आत जाऊन एकेक आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी खडूची अक्षरं वाचली. "कोणी लिहिलंय?" मी सांगितलं. "अक्षर चांगलं आहे," म्हणाल्या. मामा, त्या बाईंनी हजारो मुलांचं अक्षर पाहिलंय, तेव्हा तुमच्या अक्षराला हसणाऱ्या दादाला हे पत्र जरूर वाचून दाखवा.

तर पार्ट गेले. खोली मोकळी झाली. आजोबा स्प्रिंगची चौकशी करून हिरमुसले होऊन गेले. तुमच्या आज्ञेप्रमाणे मीही आता मोकळी झाले आहे, आणि काळजीचं काही कारण नाही. मामींना जपा, म्हणजे त्या तुम्हाला जपतील. उत्तर पाठवाल तेव्हा निदान चार ओळींचं पाठवा.

तुमची आज्ञाधारक
भाची

ता. क. आज्ञाधारक हा शब्द खोडायचा राहिला. प्राध्यापकांना कसलंही काम आठवलं नव्हतं, मी त्यांना हाकललं. आणि केटररना "नाही" म्हणायला पाऊण तास लागत नाही. मला गाडीबद्दल कोणाशी तरी बोलायचं होतं, आणि ते ऐकत होते.

पुन्हा ता. क. मेकॅनिकने शॉकअप बसवले, पण गाडी ताठ उभी आहे, रुसल्यासारखी. शॉकअप किती कडक ठेवायचा ते ठरवणारी वरची कळ कोणत्या चाकाला किती टिचक्या फिरवायची हे त्याला माहीत नाही, मला माहीत नाही, कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. तुमच्या तर ती टिचकी कानाला कधी लागलीच नाही, बोटाला लागायची. मी मुख्याध्यापिकाबाईंना परस्पर शब्द देऊन बसले आहे की मामा येऊन लावून देतील. बाई म्हणाल्या, "गैरहजेरी चालणार नाही."

शेवटचं. कळ हे निमित्त आहे. बाई एका बुधवारी गाडी आपल्याला देणार आहेत, दिवसभर. तुम्ही चालवायची नाही, ते मला कळतं. मी चालवेन, मागचे हॉर्न मी ऐकेन. पण तुम्ही मला गाडी शिकवलीत त्या घाटातल्या लांब डाव्या वळणावर ब्रेक कुठे सोडायचा ते मला अजून एकटीला समजत नाही, मी दर वेळी उशिरा सोडते. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि माझ्या हातावर टिचकी मारा. कधी येता?