घेवड्याची सपाट रेघ

सोमवार, ७ जुलै

संगणकाची खोली मिळाली! रोज शेवटचा तास. मोठ्या बाईंनी बजावलं, खेळ नको, अभ्यास हवा. मुख्याध्यापिका आहेत, बजावणारच. मी मान डोलावली आणि सातवीच्या पोरांना घेवड्याचे दाणे वाटले. गटाला एक कुंडी. रोज पट्टीनं उंची मोजायची, आकडा स्प्रेडशीटमध्ये भरायचा.

गुरुवार, १७ जुलै

खिडकीत पाच रोपं, पडद्यावर पाच रेघा. रकान्यातला आकडा बदलला की रेघ हलते आणि वर्ग माना उंच करतो. सरासरी म्हणजे काय, हे सांगता सांगता माझा घसा कोरडा पडायचा. आज कुरळी — शेवटच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी — आपणहून म्हणाली, "बाई, एकच रोप फार उंच गेलं, तर सगळ्यांची सरासरी उगाच फुगते."

उगाच फुगते! इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

मंगळवार, २२ जुलै

कुरळीच्या गटाचं रोप गेलं. मायेनं पाणी घालून घालून कुजवलं बिचाऱ्याला. म्हटलं, रडायचं नाही, खोडायचं नाही, आहे तोच आकडा रोज भरायचा. चार रेघा वर, एक सपाट. ती का सपाट, यावर घंटा होईपर्यंत भांडले सगळे. असा तास वर्षानुवर्षांत झाला नव्हता.

गुरुवार, २४ जुलै

डोकं फिरलंय. उद्या तपासणीला साहेब येणार. मोठ्या बाईंनी मला वर्गाच्या दारातच गाठलं, आत पोरं बसलेली. ती सपाट रेघ नीट करा म्हणे! साहेबांना काय मेलेलं रोप दाखवणार? नाहीतर सोमवारपासून हा तास बंद, खोली टायपिंगला.

मी म्हटलं, "आकडे बदलणार नाही. आलेखाबरोबर खोटं बोलणंही शिकवू का?"

त्या नुसत्या हसल्या. हसल्या!

घरी येऊन ताईला फोन केला. ती म्हणे, एका रेघेसाठी कशाला वाकड्यात शिरतेस? एका रेघेसाठी — माझी सख्खी बहीण!

शुक्रवार, २५ जुलै

पडदा उजळला. पाच रेघा, पाचही वर! मेलेल्या रोपाची कुंडी खिडकीतून गायब. साहेबांनी नेमकं त्याच रेघेवर बोट ठेवलं — हे रोप छान वाढलंय, शाब्बास. अंगाची लाही लाही झाली.

साहेबांची गाडी गेली आणि मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाईंना सगळ्यांदेखत खोटारड्या म्हटलं. त्या सांगत राहिल्या, त्या संगणकाला मी हातसुद्धा लावला नाही. मला आणखीच चीड आली. इतकं धडधडीत! त्यांचे डोळे भरून आले, तेही मला नाटक वाटलं.

जेवण गेलं नाही. सोमवारी लेखी तक्रार देणार. नोकरी गेली तरी चालेल.

सोमवार, २८ जुलै

तक्रार दिली नाही.

शाळा भरायच्या आधी कुरळी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, आकडे मी बदलले. कुंडीपण मीच लपवली. आपला तास बंद होणार होता ना."