मांजरीचा वाटा

अण्णा, तुमच्या एका शिस्तीपायी आई उपाशी राहायला लागली होती, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून ती पडेगावला माझ्याजवळच आहे. गेल्या वर्षी तिची लाडकी मांजर पायात आली, आई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, घरात पायात येणारं काही नको. मांजर मी खाली वॉचमनच्या बायकोला देऊन टाकली आणि आईला सेलवर चालणारी आणली. मऊ, पांढरी, हात फिरवला की गुरगुरते, मानही वळवते. आईनं तिला मांडीवर घेतलं तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची.

पण आई वाळत चालली. तिला सांभाळणाऱ्या बाई सांगायच्या, ताट तसंच परत येतं. एका दुपारी औरंगपुऱ्यातलं ऑफिस अर्ध्यात सोडून आले, तर आईचं ताट झाकलेलं आणि त्या मांजरीपुढं वाटीत दूध-भाकरीचा काला.

"आई, जेव की गं."

"तिनं तोंड लावलं नाय अजून. तुझ्या अण्णांची शिस्त मोडू व्हय मी?"

मला आपलं सिल्लोडचं घर आठवलं. शाळेतून लई भुकेजून मी थेट ताटावर बसते, शेळी दारात ओरडतेय, आणि तुम्ही माझ्यापुढचं ताट उचलता. "आधी मुकं जनावर, मग आपण. त्याला मागता येत नाय." किती रडले होते मी! पाला टाकून परत आले, तर भाकरीवर तुमच्या वाट्याचा गूळ ठेवलेला. तुमचा राग असाच, एक घास टिकायचा नाही.

आईला समजावलं, हे खेळणं आहे, याला पोट नाही. तिला तेवढ्यापुरतं पटतं, पुढच्या जेवणाला विसरते. शेवटी मी वाटी उचलून खाली नेली, खऱ्या मांजरीला घातली आणि वर येऊन म्हणाले, "खाल्लं तिनं." आई मुकाट जेवायला बसली. तेव्हापासून दुपारी बाई वाटी नेतात, संध्याकाळी मी. आईचं अंग पुन्हा भरलंय, आणि खोटंही बोलावं लागत नाही.

पण अण्णा, एखाद्या दिवशी थकून आलेली असते, तीन जिने परत उतरायचं जिवावर येतं. मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तो काला मीच खाते, तोंड पुसते आणि बाहेर येऊन आईला सांगते, खाल्लं तिनं.