बाबांनी मारलेली रेघ

दि. ४ एप्रिल

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

तुझी कंबर आता कशी आहे? इकडे सायकल शर्यतीचा टप्पा सहाव्यांदा आपल्या गावात संपणार, म्हणून सगळे हवेत आहेत. आधीच्या पाच टप्प्यांचा इतिहास लिहायचं काम नगरपालिकेने माझ्या गळ्यात मारलंय. वाचनालय सांभाळते ना, म्हणजे मी रिकामीच! पहिला टप्पा स्टेशनापाशी संपला, दुसऱ्यात कोंबड्या आडव्या येऊन तिघे आपटले, तिसरा तू जिंकलास. तुझं पान सगळ्यांत मोठं आहे, आणि उद्घाटनालाही तुलाच बोलावणार आहेत.

पण एक किडा डोक्यात वळवळतोय. दुसऱ्या टप्प्यापासून शेवटची रेघ कायम पोस्टासमोर असते. तुझ्या फोटोत मात्र ती चपलांच्या दुकानासमोर दिसते. मी जाऊन मोजलं, चांगली ऐंशी पावलं अलीकडे. रेघ मारणारे आपलेच बाबा, नगरपालिकेचे रंगारी. यात काही काळंबेरं नाही ना रे?

राग मानू नकोस, माया आहे तशीच ठेव.

तुझी बारकी

दि. ११ एप्रिल

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

कंबर बरी आहे. तुझा संशयी स्वभाव काही बरा व्हायचा नाही. लहानपणी मांजराने दूध प्यायलं तरी तू माझ्या मिशा तपासायचीस. अगं, बाबांच्या हातून चूक झाली असेल. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, आता कशाला उकरतेस? की दुसऱ्या आलेल्या त्या लंबूने तुझे कान भरले? उद्घाटनाला मला जमणार नाही.

प्रकृतीला जप, माझ्यावर लोभ ठेव.

तुझा दादा

दि. १८ एप्रिल

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

लंबू आला नव्हता, मीच त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्याने कुरकुर केली नाही. एवढंच म्हणाला की शेवटच्या किलोमीटरचा फलक जागचा हलला नव्हता, त्यामुळे सगळे दम राखून होते. तू एकटाच आधी सुटलास. पुढच्या वर्षी त्याला संघाने ठेवलं नाही.

चपलांच्या दुकानावरच तेव्हा आपली खोली होती. आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्या खिडकीतून पोस्ट दिसायचं नाही. बाबांचं कोडं सुटलं. तुझं सुटत नाही. तीस वर्षांत तू एकाही टप्प्याला का फिरकला नाहीस? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. शुक्रवारी पुस्तक छापायला जातंय. खरं काय ते लिही.

कडू बोलले, तरी तुझीच आहे.

बारकी

दि. २२ एप्रिल

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तिसऱ्या टप्प्याच्या पानावर लंबूचं नाव घाल. बाबांनी रेघ का सरकवली तेही लिही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायचं ते मी. मी येतोय. उद्घाटनाला नाही, आदल्या दिवशी लंबूकडे जायला. तू सोबत चल, एकट्याने माझे पाय उचलायचे नाहीत.

त्या सकाळी मी बूट बांधत असताना बाबा कानात म्हणाले की रेघ आईच्या खिडकीखाली ओढलीय, येशील तेव्हा एकदा वर बघ. जिंकण्यासाठी म्हणून सांगितलं नव्हतं गं त्यांनी. पण रेघ कुठे आहे हे मला एकट्यालाच ठाऊक, हे डोक्यात शिरलं आणि मी मान खाली घालून सुटलो.

संध्याकाळी आईने मला जवळ बसवलं. म्हणाली, "वर बघितलं नाहीस रे." मी म्हणालो, "रेघ तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं."

बरं म्हणाली, आणि डोळे मिटले. दोन महिन्यांनी ती गेली. तेवढ्या दिवसांत मी तिला खरं सांगितलं नाही.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा दादा